समकालीन कवितासंग्रह वाचल्यावर स्वतःचा प्रतिसाद कसा लिहायचा?

मलप्रभाकाठ :

नमस्कार मंडळी,

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमचं लहानसं वाचन मंडळ आहे. कादंबऱ्या आणि आत्मचरित्रं पुष्कळ वाचून झाली. यंदा दसऱ्यापासून दर महिन्याला एक नवा कवितासंग्रह घ्यायचा असं ठरलंय. एकाने त्यावर दहा मिनिटं बोलायचं, मग बाकीच्यांनी भर घालायची आणि बोलणाऱ्याने आपलं टिपण लिहूनही द्यायचं. वर्षभराची टिपणं एकत्र शिवून गावच्या वाचनालयात ठेवायची आहेत.

अडचण अशी की कादंबरीवर तासभर बोलणारी माणसं कवितेपाशी आली की गप्प होतात, नाहीतर शाळेतलं रसग्रहण सुरू होतं. यमक कुठलं, अलंकार कुठला, रस कुठला आणि शेवटी 'मनाला भिडणारी कविता'. नव्या कवितांत यमक नसतं, बऱ्याचदा विरामचिन्हं नसतात, काहींना शीर्षकही नसतं, त्यामुळे ती चौकटही हाताशी राहत नाही. दुसरं टोक म्हणजे कवितेतला एखादा शब्द पकडून बोलणारा स्वतःच्या आजोळच्या आठवणींत शिरतो आणि दहा मिनिटं संपली तरी कवितेकडे परत येत नाही.

तर विचारायचं ते असं. संग्रह किती वेळा आणि कसा वाचायचा? पुस्तक वाचनालयाचं असेल तर खुणा कशा करायच्या? प्रस्तावना आधी की नंतर? 'वैयक्तिक प्रतिसाद' म्हणजे नेमका किती वैयक्तिक? आणि सुरुवातीला कोणते संग्रह घ्यावेत? माहीतगारांनी सविस्तर लिहावं, ही विनंती.

टिळकवाडीकर :

उपक्रम फार चांगला आहे. टिपणं शिवून ठेवायची कल्पना तर इतर गावांनीही उचलावी अशी.

आधी वाचण्याचं. संग्रह साधारण साठ ते ऐंशी कवितांचा असतो. दीड-दोन तासांत एका बैठकीत संपतो, पण तसा संपवू नका. पंधरा-वीस कवितांनंतर कान बधिर होतो, पुढच्या सगळ्या कविता एकाच आवाजात ऐकू यायला लागतात आणि 'संग्रहात तोचतोपणा आहे' असा शेरा पडतो. हा दोष पुष्कळदा संग्रहाचा नसून वाचण्याच्या वेगाचा असतो. दिवसाला दहा-बारा कविता, आठवडाभर, एवढं पुरे. या पहिल्या वाचनात पेन्सिल नको, कोश नको. ज्या कवितेपाशी थांबलात तिथे फक्त कागदाची पट्टी घाला. थांबलात म्हणजे आवडली असंच काही नाही. अडलात, वैतागलात, दोनदा वाचावी लागली, तरी पट्टी घाला. पुढे लिहिताना अडलेल्या कविताच जास्त उपयोगी पडतात.

पट्टी कोऱ्या कागदाची, बोटभर रुंद. वर्तमानपत्राची नको, तो कागद पिवळा पडतो आणि पुस्तकाच्या पानावर डाग सोडतो. चिकटणाऱ्या रंगीत चिठ्ठ्याही वाचनालयाच्या पुस्तकाला नकोत. त्यांचा डिंक मागे राहतो आणि जुनं पान ओढलं तर फाटतं. पट्टीवर काही लिहायचं झालंच तर पान क्रमांक आणि त्या ओळीचे पहिले दोन शब्द, बस्स. शीर्षक नसलेल्या कवितांचा उल्लेख नंतर असाच करायचा असतो : पान अमुक, 'अमुक शब्दांनी सुरू होणारी'.

दुसऱ्या फेरीत फक्त पट्ट्यांच्या कविता वाचा, या वेळी मोठ्याने. दहा-पंधरा पट्ट्यांतून चार-पाच उरतील. त्यातली एक कविता, ओळी जशा तुटल्या आहेत तशाच, हाताने वहीत उतरवा. मग तीच कविता खाली गद्यात, एका सरळ वाक्यात लिहा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा काय हरवलं. प्रतिसादाचं बीज बहुतेक वेळा तिथे सापडतं.

उदाहरणापुरत्या चार ओळी रचून देतो, कुठल्याही संग्रहातल्या नाहीत :

आईने उंबऱ्यावर
ठेवला दिवा
विझवून
वीज आली म्हणून

यावर पटकन लिहिलं जातं ते असं : 'या कवितेत आईच्या मायेचं हृद्य चित्रण आहे.' ओळी पुन्हा बघा. माया कुठे आहे? आई, उंबरा, दिवा हे तीन शब्द एकमेकांशेजारी आले आणि माया वाचकाने पदरची घातली. नव्या कवितेच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. शब्द ओळखीचे दिसले की आपण आधीच्या पन्नास कवितांची भावना त्यांच्यावर चढवतो आणि समोरची कविता वाचायची राहून जाते.

आता गद्य : 'वीज आली म्हणून आईने दिवा विझवून उंबऱ्यावर ठेवला.' शब्द सगळे तेच, एकही गळलेला नाही. गेला तो क्रम. कवितेत दुसऱ्या ओळीअखेर दिवा तेवतोय असं वाटतं, आपण शुभंकरोतीच्या तयारीत असतो. मग 'विझवून' ही एका शब्दाची ओळ येते. चौथी ओळ कारण देते, तेही अगदी रोजचं. म्हणजे घरात उजेड वाढलाय, तरी काहीतरी मावळल्यासारखं वाटतं. दोन्ही एकाच वेळी वाटायला लावणं ही या चार ओळींची कमाई आणि ती केवळ ओळी तोडण्यातून आलेली आहे.

यावरचा प्रतिसाद साधारण असा लिहिता येईल :

'"ठेवला दिवा" इथपर्यंत मला पेटलेला दिवा दिसत होता. "विझवून"पाशी आल्यावर कळलं की तो मीच पेटवला होता, कवितेत तो पेटलेला आहे असं कुठेच म्हटलेलं नाही. घरी वीज आली की कंदील असाच बाजूला व्हायचा आणि त्याचं कुणाला वाईट वाटल्याचं आठवत नाही. कविताही वाईट वाटलं असं म्हणत नाही. कारण सांगते आणि थांबते. पण शेवटच्या "म्हणून"नंतर काहीतरी यायला हवं होतं असं वाटत राहतं, आणि ते मला अजून सापडलेलं नाही.'

यात आठवण एकाच वाक्याची आहे आणि तिच्या पुढचं वाक्य लगेच कवितेत परत येतं. 'किती वैयक्तिक?' याला माझं उत्तर हेच. आठवण लिहा, अवश्य लिहा, पण ती लिहिल्यावर कवितेतली एखादी ओळ वेगळी दिसायला हवी. दिसत नसेल तर ती आठवण वेगळ्या कागदावर जाऊ द्या. 'मी' शब्दाची भीती बाळगू नका. 'कविता वाचकाला अंतर्मुख करते' या वाक्यात वाचक म्हणजे कोण, ते कुणालाच कळत नाही. 'पान ४३ वरच्या तिसऱ्या ओळीपाशी मी मागे जाऊन पुन्हा वाचलं, कारण कर्ता कोण ते कळेना' हे वाक्य खरं आहे, तपासता येतं, आणि त्यावर मंडळातले बाकीचे बोलू शकतात.

आणखी एक. कवितेतला 'मी' म्हणजे कवी असं धरून चालू नका. 'कवीचे वडील वारले तेव्हाची ही कविता' असं लिहायला कवीने तसं कुठे तरी सांगितलेलं असावं लागतं. एरवी 'या कवितेतला बोलणारा' म्हणा, 'बोलणारी' म्हणा. थोडं अवघड वाटेल, पण त्याने वाचन स्वच्छ होतं.

दहा मिनिटांच्या हिशेबाने सहाशे-सातशे शब्दांचं टिपण पुरतं, कारण मध्ये दोन कविता वाचून दाखवायच्या असतात. पहिली कविता काहीही न सांगता आधी वाचा, मग बोला, मग तीच पुन्हा वाचा. दुसऱ्या वाचनाला ऐकणाऱ्यांचे चेहरे बदललेले दिसले नाहीत तर बोलण्यात काहीतरी कमी पडलं असं समजा. ओळीच्या शेवटी अर्धा श्वास थांबायचं. कविसंमेलनातल्यासारखी ओळ दोनदा म्हणायची नाही. ती दोनदा लिहिलेली नसते.

कडोलीची वाट :

टिळकवाडीकरांशी सहमत, पण कानाबद्दल अजून सांगायला हवं. 'नव्या कवितांत यमक नसतं' म्हणून लयही नसते असं धरून मंडळं सगळा वेळ आशयावर घालवतात. मुक्तछंदातही पुष्कळदा जुना छंद दडलेला असतो आणि तो कुठे मोडतो हे बघण्यात गंमत आहे. मोजायला अवघड काही नाही. अक्षरं मोजायची, जोडाक्षर एकच धरायचं. मोठ्या अभंगाचे चार चरण सहा, सहा, सहा, चार अक्षरांचे. लहान अभंगाचे दोन चरण आठ-आठ. हे आकडे आपल्या अंगवळणी आहेत, भजनी मंडळात बसलेल्या कुणालाही न मोजता कळतात.

मीही तीन ओळी जुळवून देतो :

बस थांब्यावर उभा
मी, हातात डबा रिता
साडेसहाची बस आज आलीच नाही

पहिल्या ओळीत आठ अक्षरं, दुसरीत आठ. यमक नाही, विषय स्टँडवरचा, तरी वाचताना पाय एका तालात पडतात. तिसऱ्या ओळीत चौदा अक्षरं होतात आणि ताल मोडतो, नेमका बस न आल्याच्या ठिकाणी. प्रतिसादात 'मुक्तछंदाचा प्रभावी वापर' असं लिहिण्यापेक्षा 'दोन ओळी आठ-आठ अक्षरांनी चालतात, तिसरीत चाल मोडते, आणि बसही तिथेच चुकते' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला तुमचं बोट नेमकं कुठे आहे ते दिसतं. प्रत्येक कवितेत असं सापडेलच असं नाही. नाही सापडलं तर ओढूनताणून काढू नका. पाच कवितांपैकी एकीत सापडलं तरी पुष्कळ.

आपल्या भागातल्या वाचकाला इथे एक जास्तीचा कान मिळालेला आहे, तो वापरावा. ज्यांचं शिक्षण कन्नडमधून झालं किंवा शाळेत कन्नड होतं त्यांना बाराव्या शतकातली वचनं, म्हणजे कन्नडमधल्या भक्तिरचना, ठाऊक असतात. बसवण्णांची, अक्कमहादेवींची, अल्लमप्रभूंची. वचनाला ठरलेलं वृत्त नसतं, बोलण्याच्या लयीत ते चालतं, आणि तरी ते पाठ होतं. शेवटाकडे अंकित, म्हणजे ठरलेली नाममुद्रा, येतं : बसवण्णांचं 'कूडलसंगमदेव', अक्कांचं 'चेन्नमल्लिकार्जुन'. आपल्या अभंगात तेच काम 'तुका म्हणे' करतं. ते नाव आलं की ऐकणाऱ्याला कळतं, आता मिटतंय.

आजच्या कवितेला अशी मुद्रा नाही. मग ती मिटते कशी? हा प्रश्न प्रत्येक कवितेला विचारा. काही कविता चित्रावर थांबतात, काही प्रश्नावर, काही मधेच तुटतात. आणि बऱ्याच, फार बऱ्याच, शेवटच्या दोन ओळींत सुविचार सांगून मोकळ्या होतात. वरची दहा ओळींची चांगली कविता त्या दोन ओळींनी खाली येते. असं वाटलं तर तपासायची सोपी रीत आहे : शेवटच्या दोन ओळी बोटाने झाका आणि कविता पुन्हा वाचा. ती अजून उभी असेल तर त्या ओळी जास्तीच्या होत्या. प्रतिसादात हे लिहायला हरकत नाही, पान क्रमांक देऊन लिहा.

मलप्रभाकाठ :

खूप खूप धन्यवाद दोघांनाही. झाकून बघायची रीत या आठवड्यातच करून बघणार.

दोन शंका राहिल्या. मराठवाडी, वऱ्हाडी, अहिराणी शब्द आले की आमची गाडी अडते, पुस्तकात शेवटी शब्दार्थ नसतात. आणि दुसरी जरा नाजूक आहे. कवी आपल्याच भागातला, रोज भेटणारा असेल तर नावडलेलं कसं मांडायचं? शिवाय सीमाभागातला संग्रह म्हटला की आमच्याकडे चर्चा लगेच सीमाप्रश्नावर जाते आणि कविता बाजूला राहते.

निपाणी वाचक :

शब्दांचं आधी, कारण ते सोपं आहे.

पहिल्या वाचनात शब्द अडला तरी थांबू नका. आसपासच्या ओळींवरून अंदाज बांधा आणि तो अंदाज लिहून ठेवा. कोश नंतर. अंदाज आणि अर्थ यांत तफावत निघाली तर तीही प्रतिसादात सांगण्यासारखी असते. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघाला. तो आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतात. दाते-कर्वेंत शब्दापुढे प्रांताची खूण असते, कों. म्हणजे कोंकणी, व. म्हणजे वऱ्हाडी. शब्द कानडीतून आला असेल तर का. अशीही खूण सापडते. सीमाभागातल्या वाचकाने ती नजरेखालून घालावीच.

शोधताना एक गोष्ट हमखास चुकते. हे कोश १९६२ च्या लेखननियमांच्या आधीचे आहेत, त्यामुळे अनुस्वार जुन्या पद्धतीने दिलेले असतात. 'नाव' टाकून सापडलं नाही तर 'नांव' टाका, 'गाव'ऐवजी 'गांव'. ऱ्हस्व-दीर्घही दोन्ही तऱ्हांनी करून बघा. एवढं करूनही शब्द नाही सापडला तर त्या भागातल्या कुणाला तरी विचारा. बोलीतले सगळे शब्द कोशात आलेलेच नाहीत.

आता ओळखीच्या कवीचं. आपल्याकडे कडोली, येळ्ळूर, उचगाव, कारदगा अशा गावांत साहित्य संमेलनं भरतात. लिहिणारे आणि वाचणारे तिथे एकाच मांडवात बसतात. त्यामुळे गावच्या संग्रहावरचा प्रतिसाद बहुधा सत्काराचं भाषण होतो, आणि नुकसान कवीचं होतं, कारण त्याची कविता कुणी वाचलीच नाही. नावडतं सांगताना विशेषणं टाळा. 'कृत्रिम', 'उथळ', 'कमकुवत' हे शब्द माणसाला लागतात आणि कवितेबद्दल काही सांगत नाहीत. त्याऐवजी कवितेने स्वतःच काय मांडलं होतं आणि ते कुठल्या ओळीपाशी सोडून दिलं, ते दाखवा. 'पहिल्या सहा ओळींत तंबाखूच्या वखारीतला वास, धूळ, बायकांचे हात सगळं दिसतं, सातव्या ओळीत "शोषण" हा शब्द येतो आणि त्यानंतर वखार पुन्हा दिसत नाही.' यात कवीवर राग धरण्यासारखं काही नाही. त्याच संग्रहातली जिथे हे साधलंय ती कविताही शेजारी ठेवा. म्हणजे मापं कवीचीच राहतात, तुमच्या पसंतीची लादलेली वाटत नाहीत.

टिपण कवीकडे पाठवायचं का? मंडळात वाचून झाल्यावर पाठवा, आधी नको. आधी पाठवलं की भिडेपोटी वाक्यं बदलली जातात.

सीमाप्रश्नाबद्दल. १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तेव्हापासून आपल्याकडे साहित्य आणि हा प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. ते नाकारायचं कारण नाही, तो आपल्या जगण्याचाच भाग आहे. पण ज्या कवितेत तो नाही तिथे तो शोधत बसलं की कविता हातची जाते. कविता विहिरीबद्दल असेल तर विहिरीबद्दल बोला. ज्या कवितेत तो खरंच आहे तिथे 'प्रखर अस्मिता' लिहून थांबू नका. दुकानाची पाटी, शाळेचा दाखला, बसवरची अक्षरं, काय दिसतं ते सांगा. आणि एक काम आपल्याशिवाय दुसरं कुणी करू शकत नाही. संवादातलं कन्नड वाक्य देवनागरीत छापलेलं असतं, कधी तळटीप न देता. पुण्याचा वाचक ते नुसता आवाज म्हणून वाचतो. तुम्हाला त्यातलं आदरार्थी रूप कळतं, ते वाक्य रागाने म्हटलंय की लाडाने ते कळतं. ते टिपणात लिहा. तुमच्या वाचनालयातल्या त्या शिवलेल्या वहीची खरी किंमत अशा नोंदींमुळे होईल.

टिपणात ओळी देताना चार-सहा ओळींपुढे जाऊ नका. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी किंवा परीक्षणासाठी रास्त प्रमाणात उद्धृत करण्याची मुभा आहे. पूर्ण कविता गटावर फिरवण्याला ती लागू होईल असं समजू नका, त्यासाठी कवीला किंवा प्रकाशकाला विचारा. कवीच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं हक्क टिकतो. सलग मजकुरात ओळी घेतल्या तर ओळ तुटते तिथे तिरकी रेघ द्या. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या मजकुरावरून कधीच उतरवून घेऊ नका. त्यात ओळी एकमेकींना चिकटतात, कडव्यांमधली जागा उडते, बऱ्याचदा कवीचं नावही गळतं. छापील पुस्तकावरूनच घ्या.

अक्षरजुळणी :

छपाईच्या बाजूने थोडं सांगतो, कारण कवितासंग्रह वाचताना पुस्तक म्हणून तो कसा बांधलाय हे वाचक सहसा बघत नाही.

पुस्तक १६ पानांच्या फॉर्मवर, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या मोठ्या कागदावर, छापलं जातं. म्हणून संग्रह ९६, ११२, १२८ अशा पानांचे दिसतात. शेवटचा फॉर्म भरायचा म्हणून कधीकधी मागे चार-पाच कविता वाढवल्या जातात, क्वचित जागा नाही म्हणून गाळल्याही जातात. तेव्हा संग्रहाचा शेवट ढिला वाटला तर पानं मोजून बघा. त्याने कवितेचं मूल्य बदलत नाही, पण 'कवीने मुद्दाम असा शेवट केलाय' असा सिद्धांत मांडण्याआधी ही शक्यता लक्षात असावी.

दुसरं, पान उलटताना होणारी फसगत. कवितेच्या सव्वीस ओळी आणि पानावर चोवीस मावतात, तर दोन ओळी पुढच्या पानावर जातात. तिथे कडवं संपलंय की नुसतं पान संपलंय? पुस्तकातल्या इतर भरगच्च पानांवर किती ओळी आहेत ते मोजा. तेवढ्याच ओळी या पानावर असतील तर फक्त पान संपलं असण्याची शक्यता जास्त. कमी असतील तर कडवं संपलं. तसंच, लांब ओळ रुंदीत मावत नाही तेव्हा तिचा उरलेला तुकडा खाली येतो, सहसा थोडा आत सरकवलेला. ती नवी ओळ नसते. मोबाइलवर वाचताना तर जवळजवळ प्रत्येक लांब ओळ अशी दुमडते. 'एका शब्दाच्या ओळीने साधलेला परिणाम' म्हणून लिहायचं आणि निघायची ती फक्त मावली नाही म्हणून दुमडलेली ओळ, हे फार वेळा घडतं.

सुरुवातीचं छापील माहितीचं पान वाचा. प्रथमावृत्ती कधीची, कविता आधी कुठल्या नियतकालिकांतून आल्या, मुखपृष्ठ कुणाचं. कविता दहा-पंधरा वर्षांच्या काळातल्या असतील तर आवाज एकसारखा नसणं साहजिक आहे, त्याला दोष म्हणायची घाई नको.

आता संग्रह एकत्रितपणे वाचायच्या दोन रीती सांगतो. अनुक्रमणिका सलग, एक मोठी कविता असल्यासारखी वाचा. विभाग केलेले असतील तर पहिल्या विभागाची शेवटची आणि दुसऱ्याची पहिली कविता एकापाठोपाठ वाचा, जोड तिथे दिसतो किंवा नाही हे कळतं. मग सगळ्या कवितांच्या फक्त शेवटच्या ओळी ओळीने वाचत जा, वीस मिनिटांचं काम आहे. कडोलीच्या वाटेने वर जे सुविचाराबद्दल लिहिलंय ते इथे लख्ख दिसतं, कवीची सवय एका दमात हाती येते.

दुसरी रीत एका शब्दाचा माग काढायची. संग्रहात परत परत येणारा एक साधा शब्द निवडा. पाऊस, भिंत, चप्पल, काहीही. तो ज्या ज्या पानावर येतो ते आकडे वहीत मांडा आणि प्रत्येकापुढे तो शब्द तिथे काय करतो ते चार शब्दांत लिहा. भिंत पान ९ वर सावली देते, पान ३१ वर ऐकते, पान ७० वर पाडली जाते. एवढी यादी झाली की दहा मिनिटांचं बोलणं जवळपास तयार असतं, आणि ते एका सुट्या कवितेवरचं न राहता संपूर्ण संग्रहावरचं होतं. शब्द निवडताना 'दुःख', 'जीवन', 'स्वप्न' असले घेऊ नका. ते सगळीकडे असतात आणि कुठेच काही करत नाहीत. हाताला लागणारी वस्तू घ्या.

टिळकवाडीकर :

माग काढायची रीत नवशिक्या वाचकाला सगळ्यात लवकर जमते, तुमच्या मंडळात पहिल्या महिन्यात तीच ठेवा.

प्रस्तावनेचं राहिलं होतं. माझ्या मते ती शेवटी, टिपणाचा पहिला खर्डा झाल्यावर. चांगली प्रस्तावना इतकी पटते की नंतर आपल्याला तेच दिसायला लागतं आणि मंडळातल्या प्रत्येकाचं टिपण प्रस्तावनेची नक्कल होतं. मलपृष्ठावरचा मजकूरही तसाच बाजूला ठेवा. कवीचं स्वतःचं मनोगत असेल तर तेही नंतरच. अपवाद एक : लांबलचक, सलग एकाच कवितेचा संग्रह असेल आणि त्यात एखादी घटना किंवा गाव गृहीत धरलेलं असेल, तर तेवढी माहिती आधी असलेली बरी. अर्पणपत्रिका मात्र पहिल्यांदाच वाचा, ती पुस्तकाचा भाग आहे.

संग्रहांबद्दल. सुरुवातीला साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त मराठी संग्रहांतले दोन घ्या : श्रीकांत देशमुख यांचा 'बोलावे ते आम्ही' (पुरस्कार २०१७) आणि अनुराधा पाटील यांचा 'कदाचित अजूनही' (पुरस्कार २०१९). पहिला शेतीच्या जगण्यातून आलेला असल्याने खानापूर भागातल्या वाचकाला आत शिरायला वाट मिळते. आपल्या मातीचा धागा हवा असेल तर मध्ये एक महिना इंदिरा संतांचा 'गर्भरेशीम' ठेवा. तो १९८२ चा, म्हणजे आजचा म्हणता येणार नाही, पण बेळगावात राहून लिहिलेली कविता आणि आत्ताचा एखादा संग्रह लागोपाठ वाचला की चाळीस वर्षांत ओळ कशी बदलली ते कुणी न सांगता समजतं. वाचक आपल्या वाचण्याबद्दल कसं लिहू शकतो याचा नमुना हवा तर सतीश काळसेकरांचं 'वाचणाऱ्याची रोजनिशी' घ्या. काळसेकर स्वतः कवी, आणि या पुस्तकाला २०१३ चा अकादमी पुरस्कार आहे. चौथा संग्रह आपल्या भागातल्या कवीचा असू द्या. पहिलाच नको. तीन महिन्यांचा सराव झाला की नावडलेलं नीट मांडता येतं.

पुस्तकाच्या किमान दोन प्रती मिळवा. एक बोलणाऱ्याकडे महिनाभर, दुसरी बाकीच्यांत दोन-दोन दिवसांनी फिरती. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे, तिथे आधी चौकशी करा. नाही मिळाली तर प्रकाशकाकडून थेट मागवा, कवितासंग्रहाची पहिली आवृत्ती लहान असते आणि दुकानात तो लवकर दिसेनासा होतो. फिरत्या प्रतीत पट्ट्या तशाच राहू द्या, काढू नका. पुढच्या वाचकाला आधीचे कुठे थांबले ते दिसतं, आणि एकाच कवितेवर पाच पट्ट्या जमल्या तर चर्चेच्या दिवशी तिच्यापासून सुरुवात करा.